नकाशेवाल्याच्या बालपणाची चोरी

१

दुपारी दोनला चार मिनिटं कमी असताना चरित्रकारांनी आपल्या हस्तलिखिताची फीत सोडली, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपला नकाशेवाला आता थेट अकरा वर्षांचाच जन्माला येतोय. त्याआधीची पानं गेली होती. एकोणीस पानं. रांगणं, बोबडं बोलणं, भिंतीवरून पडणं, पहिली शाळा, पहिला मार, सगळं गुल. त्या जागी कुणीतरी मोजून एकोणीस कोरे कागद ठेवले होते आणि फीत पुन्हा बांधून टाकली होती.

चरित्रकार ओरडले नाहीत. ते खाली बसले. शेजारी खुर्ची होती, पण ती त्यांना दिसली नाही, म्हणून जमिनीवरच बसले.

ही खोली वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरची. उत्सवाला आलेल्या वक्त्यांनी इथे टेकायचं, घसा शेकायचा आणि आपलं नाव पुकारलं की जिना उतरून खाली दालनात जायचं. साहित्य उत्सवाचा दुसरा दिवस होता, आणि तो दिवस चरित्रांचा. सकाळपासून एकेक चरित्रकार उभा राहून गेलेल्या माणसांबद्दल बोलत होता, आणि नदीवरचं धुकं खिडक्यांतून आत येऊन रिकाम्या खुर्च्यांवर बसत होतं. त्या गावातलं धुकं साधं नव्हतं. एका शिंप्यानं एकदा आपली छत्री त्याला टेकवून ठेवली आणि जेवण उरकून येऊन तिथूनच उचलली. शिंपी स्वतःच सांगायचा हे, आणि मापाच्या बाबतीत शिंपी खोटं बोलत नाहीत.

खाली जिन्याच्या पहिल्या पायरीवर सूचीबाई डुलक्या घेत होत्या. पुस्तकाच्या अखेरीस नावांची यादी असते, कोण कुठल्या पानावर भेटेल ते सांगणारी, ती करणं हा बाईंचा धंदा. बेचाळीस वर्षांत त्यांनी इतक्या लोकांना पानांवर बसवलं होतं, की रस्त्यात कुणी भेटलं तरी त्याच्या कपाळावर आकडा आहे का ते त्या आधी बघत. मांडीवर बुटांचं खोकं, खोक्यात चिठ्ठ्या. नकाशेवाल्याची सगळी माणसं त्यात अक्षरवार लावलेली होती.

"मावशी, वर ये. लगेच," भाची त्यांच्या कानाशी येऊन म्हणाली. भाची म्हणजे वाचनालयाची ग्रंथपाल. "आणि चेहरा सरळ ठेव, लोक बघतायत."

"माझा चेहरा सरळच आहे. झोपेनं वाकडा झाला असेल."

"मावशी, माझी नोकरी जातेय."

बाईंची झोप उतरली.

२

वर अध्यक्ष उभे होते. उत्सवाचे अध्यक्ष, वाचनालयाचेही तेच. दोन माणसं समोर असली तरी ते सभेत बोलल्यासारखे बोलत, आणि प्रत्येक वाक्यानंतर टाळ्यांसाठी जरा थांबत.

"या खोलीला एक दार," ते म्हणाले. थांबले. "दाराला एक कुलूप. कुलपाला एक किल्ली. आणि ती किल्ली," त्यांनी भाचीच्या गळ्याकडे बोट केलं, "तिथं लटकतेय."

किल्ली खरंच तिथं होती. नऊ वर्षं तिथंच होती. कोण वाचक कितव्या पानावर झोपतो आणि त्याला कधी उठवायचं नसतं, हे ठाऊक असलेली भाची ही गावातली एकमेव व्यक्ती होती. त्या वाचनालयाखेरीज तिला दुसरं काही नव्हतं आणि दुसरं काही नकोही होतं.

"चार वाजता यांचं व्याख्यान आहे. चारपर्यंत पानं आली तर ठीक. नाहीतर ती किल्ली माझ्या टेबलावर, आणि उद्यापासून यायचं कारण नाही."

"अहो, पण फोनमध्ये फोटो तरी काढून ठेवायचा!" सूचीबाई चरित्रकारांना म्हणाल्या.

"फोटो काढला की आपण ते जपलं असं वाटतं," चरित्रकार जमिनीवरूनच म्हणाले, "आणि मग ते कुणी वाचत नाही." त्यांनी हे वाक्य याआधीही बऱ्याच जणांना ऐकवलेलं होतं. आज मात्र त्यात जीव नव्हता.

"गठ्ठा इथं कधी ठेवलात?"

"बाराला. कपाटात. हिनं माझ्यादेखत खोलीला कुलूप लावलं. आज मी वरूनच वाचणार होतो, नेहमीसारखं. पण साडेअकराला यांनी माइकवरून जाहीर केलं ना, की नकाशेवाल्याच्या जन्मगल्लीतली एक बाई आज पाहुणी म्हणून येतेय, शहाऐंशी वर्षांची. म्हटलं, तिच्यासाठी बालपणच वाचावं. खूण घालायला आता गठ्ठा सोडला, तर..."

"पाहुणी शोधून काढली ती मी," अध्यक्ष म्हणाले आणि थांबले. टाळ्या नाहीत.

"बारा ते दोनमध्ये कुणी दार उघडलं?"

"मी," भाची म्हणाली. "एकदाच. एक वाजता. सुरईत पाणी भरायला."

सूचीबाईंनी मान डोलावली. कपाट पाहिलं, कोऱ्या कागदांचं पुडकं पाहिलं. कागद उत्सवाचेच होते, कपाटाच्या खालच्या फळीवरचे. मग सहज, तहान लागल्यासारखं करून, त्यांनी सुरई उचलली.

सुरई ठणठणीत कोरडी होती. तळाशी एक माशी मरून पडली होती, तीही जुनी.

बाईंनी भाचीकडे पाहिलं. भाची खिडकीतून धुक्याकडे बघत होती.

३

"पहिली गोष्ट," सूचीबाईंनी स्वतःला बजावलं, "भाचीचा विचार शेवटी करायचा." तसं करणं बरोबर नव्हतं, पण करायला सोपं होतं.

दुसरा चरित्रकार जिन्याखाली कॉफी पीत उभा होता. त्याला सगळे तळटीप म्हणत. साधं 'नमस्कार' म्हटलं तरी तो त्याला खाली बारीक अक्षरात काहीतरी जोडायचा. बंदरावरच्या घंटा वाजवणाऱ्याचं चरित्र त्यानं लिहिलं होतं, आणि त्यात एका तळटिपेत त्यानं म्हटलं होतं, की नकाशेवाला ज्या रात्री वारला असं लोक सांगतात त्या रात्री बंदरावरची घंटा वाजलीच नव्हती, तेव्हा त्या मरणाबद्दल पुन्हा विचार व्हावा. या एका ओळीवरून दोघे चरित्रकार चार वर्षं बोलत नव्हते.

"एकच्या सुमारास तुम्ही जिन्यावर होतात म्हणे," बाई म्हणाल्या.

"होतो. अर्थात जिना म्हणजे वरच्या सात पायऱ्या. खालच्या पायऱ्यांवर तुम्ही होता, घोरत. घोरणं हा शब्द मी मोकळेपणाने वापरतोय."

"कशाला चढला होता?"

"खरं सांगू? त्याचा शेवट वाचायला." तळटीपनं कप खाली ठेवला. "नकाशेवाल्याच्या मरणाबद्दल तो आज काय ठोकून देणार आहे, ते मला आधी कळायला हवं होतं. पण दाराला कुलूप होतं. मी परत आलो."

"उघडं असतं तर?"

"तर शेवटची पानं घेतली असती," तो निर्लज्जपणे म्हणाला. "वाचून परत ठेवली असती. बहुधा."

"गठ्ठ्यातली खालची?"

"मग शेवट कुठं असतो, बाई?"

सूचीबाईंचे कान टवकारले. कारण शेवट खाली नव्हता.

चरित्रकारांची पद्धतच वेगळी होती. ते प्रत्येक आयुष्य मरणापासून लिहायला घेत. आधी माणसाला नीट निरोप द्यायचा, मग त्याचा हात धरून त्याला मागे मागे न्यायचं, काठी सुटेपर्यंत, केस काळे होईपर्यंत, शेवटी पाळण्यात ठेवायचं आणि हळूच पाय न वाजवता निघून यायचं. पान एकवर मरण असायचं, दोनशे तीसवर जन्म. क्रम छापखान्यात उलटा करून घेत. ही पद्धत जवळच्या तीनचार माणसांना सोडून कुणाला ठाऊक नव्हती.

म्हणजे ज्याला मरण हवं होतं आणि पद्धत ठाऊक नव्हती, त्याच्या हाती नेमकं बालपण लागलं असतं. तळटीपच्याच हाती!

बाई इतक्या खूश झाल्या, की तळटीपची कॉफी उचलून त्यांनी पिऊन टाकली.

४

अडीचला पुढचं सत्र सुरू झालं. सुरुवातीला, वर्षभरात गेलेल्या लेखकांसाठी एक मिनिट शांतता. सगळं दालन उभं राहिलं. धुकंसुद्धा खुर्च्यांवरून जरा वर उचलल्यासारखं वाटलं. पहिल्या रांगेतल्या आत्या तेवढ्या बसून राहिल्या.

आत्या म्हणजे नकाशेवाल्याची बहीण. वय ब्याऐंशी. साऱ्या गावाची आत्या. नदी दर वर्षी काठ बदलायची म्हणून त्यांचा भाऊ दर वर्षी गावाचा नवा नकाशा काढायचा, आणि ते नकाशे इतके अचूक असत, की एखाद्यानं चुकीच्या जागी घडी घातली तर दोन गल्ल्यांतली माणसं दिवसभर एकमेकांवर आदळत. तो गेल्यापासून गावाला नदीचा अंदाज येईनासा झाला होता. चरित्रकारांनी दोन वर्षं आत्याच्याच स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून त्याचं चरित्र लिहिलं. आत्या सांगायच्या, ते लिहायचे.

शांतता संपली. सूचीबाई वर धावल्या. साठी उलटलेली बाई जशी धावते तशा, म्हणजे प्रत्येक पायरीला एकदा शिव्या घालत.

"तळटीपनं नेली!" त्या म्हणाल्या. "त्याला वाटलं खाली मरण आहे."

चरित्रकार अजून जमिनीवरच होते. त्यांनी मान हलवली. "त्यानं एक ओळ जरी वाचली असती तरी कळलं असतं त्याला. पहिल्याच ओळीत गोवर आलाय."

"घाईत वाचली नसेल."

"आणि फीत घाईत अशी बांधली?" त्यांनी फीत पुढे केली. "मी सोडायला गेलो तेव्हा काहीच खटकलं नाही मला. माझीच गाठ. दोन वेढे, एक उलटा पीळ, टोक आत खोचलेलं. माझ्या आईनं तिच्या पत्रांना घालायची शिकवली मला. बघितल्याशिवाय येत नाही, आणि एकदा बघूनही येत नाही."

बाई खाली बसल्या, त्यांच्या शेजारी, जमिनीवर. आता चोराबद्दल एक गोष्ट पक्की झाली. त्यानं चरित्रकारांना रोज काम करताना पाहिलेलं होतं. आणि ज्यानं त्यांना रोज पाहिलं त्याला त्यांची उलटी पद्धत ठाऊक असणार. मग त्यानं चुकून काही नेलेलं नव्हतं. त्याला बालपणच हवं होतं.

"अशी गाठ कुणाकुणाला येते?"

"तुम्हाला. आत्यांना." चरित्रकार थांबले. "आणि तुमच्या भाचीला. गेले सहा महिने मी शेवटचा हात इथंच फिरवत होतो, तिच्या टेबलासमोर."

दारात अध्यक्ष उभे होते. कधी आले कळलं नव्हतं.

"वा," ते म्हणाले. या वेळी ते टाळ्यांसाठी थांबले नाहीत. "मावशीनंच पुरावा दिला. पावणेतीन झाले."

५

सूचीबाईंनी भाचीला पुस्तकांच्या मांडण्यांमध्ये गाठलं. तिथं इतकी शांतता होती, की जाड पुस्तकं बारीक पुस्तकांना जरा सरकायला सांगतायत असं वाटायचं.

"सुरई कोरडी आहे," बाई म्हणाल्या.

"आटलं असेल."

"माशीसकट कोरडी आहे. कुणाला आत सोडलंस?"

भाचीनं मांडणीतलं एक पुस्तक उगाच सरळ केलं.

"अगं, चारला तुझ्या गळ्यातली किल्ली उतरवेल तो माणूस. कुणासाठी खोटं बोलतेयस?"

"मी कुणाला तरी शब्द दिलाय, मावशी. अगदी साधी गोष्ट होती. तिचा चोरीशी काही संबंध नाही. आणि उद्या मी इथं नसले तरी दिलेला शब्द माझाच राहील ना?"

"तुझ्या आईवर गेलीयस," मावशी चिडून म्हणाल्या. "तीही अशीच. एकदा आम्ही दोघींनी मिळून काच फोडली, मार तिनं एकटीनं खाल्ला आणि मला चार दिवस तोंड वर करता येईना."

भाची हसली आणि लगेच रडली. बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला, मग तिथंच दोन मांडण्यांमध्ये बैठक मारून खोकं उघडलं. माणसं बोलत नसतील तर चिठ्ठ्यांना विचारायचं, एवढंच त्यांना येत होतं.

नकाशेवाल्याचं आयुष्य त्यांनी फरशीवर मांडलं. त्याचा न्हावी सात ठिकाणी होता. नावाडी तेरा ठिकाणी. ज्या कुत्र्यानं त्याची विजार फाडली तो कुत्रासुद्धा तीनदा आला होता, एकदा फाडायला, एकदा माफ करायला आणि एकदा मरायला. खऱ्या आयुष्यात माणसं अशीच येतात. विसरलेला उधारबहाद्दर मित्र लग्नात उगवतो, दाई म्हातारपणी दारात येऊन बसते.

मग त्यांनी बालपणाच्या चिठ्ठ्या मांडल्या. भिंतीपलीकडची मैत्रीण, पान २१४. एका कानानं ऐकणाऱ्या मास्तरीणबाई, २१९. निळ्या दाराचा बेकरीवाला, २२३. तेवीस माणसं. तेवीस चिठ्ठ्यांवर एकेकच आकडा.

बाईंनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. तेवीस जण एका मुलाला अकरा वर्षं खेळवतात, शिकवतात, कान पिळतात, आणि नंतरच्या साठेक वर्षांत त्यातल्या एकाचंही पत्र येत नाही? एकही जण वाटेत भेटत नाही? हे कसं व्हावं? काम करताना हे त्यांच्या कसं लक्षात आलं नाही? कारण प्रकरणं एकेक करून यायची. बालपण सगळ्यात शेवटी आलं होतं, घाईचं, आणि त्यांनी आकडे घातले, माणसांकडे पाहिलंच नाही. बेचाळीस वर्षांतली ही त्यांची पहिली चूक. निदान कळलेली पहिली.

मग त्यांनी 'आत्या' असं लिहिलेली चिठ्ठी काढली. ही चिठ्ठी आकड्यांनी भरून मागच्या बाजूला गेली होती. पान २, ३, ५, ८... मरणापासून मागे येत येत आत्या प्रत्येक प्रकरणात होती. शेवटचा आकडा २११.

तिथं आत्या संपत होती. जिथं बालपण सुरू होतं नेमकं तिथं. एकाच घरात वाढलेली, वर्षानं मोठी बहीण, भावाच्या अख्ख्या बालपणात एकदाही नाही. ना खोडी काढायला, ना भांडायला, ना भिंतीवरून पडल्यावर उचलायला.

बाईंनी चिठ्ठ्या गोळा केल्या नाहीत. त्या तशाच उठल्या.

६

दालन अर्धवट झोपेत होतं. मंचावर तळटीप घंटावाल्याचं बालपण सांगत होता आणि मधूनमधून ते खाली खेचून बारीक करत होता. शेवटची रांग रिकामी होती. पण जाणकार सांगत, की ज्याच्यावर व्याख्यान असतं तो तिथं येऊन बसतो, म्हणूनच नंतर ती खुर्ची कोमट लागते.

सूचीबाई वाकून वाकून पहिल्या रांगेत आल्या आणि आत्यांच्या शेजारी टेकल्या.

"आत्या," त्या कुजबुजल्या, "शांततेला तुम्ही उठला नाहीत."

"गुडघे धरलेत."

"सकाळी राष्ट्रगीताला ताठ उभ्या होता."

"सकाळचे गुडघे वेगळे असतात."

"उठू नका. फक्त जरा सरका. पानांना सुरकुत्या पडतील."

आत्या सरकल्या नाहीत. पण त्यांच्या हातातला रुमाल थांबला. त्या म्हणाल्या, "कसं कळलं?"

"तुम्ही त्याच्या बालपणात नाही. कारण तो तुमच्या बालपणात नव्हता. भिंतीवरून पडलेला मुलगा नव्हताच. ती तुम्ही होता."

तळटीपनं मंचावर एक विनोद केला. कुणी हसलं नाही, तेव्हा त्यानं तो विनोद असल्याचं खाली जोडलं.

"अकरा वर्षांचा होता," आत्या मंचाकडेच बघत म्हणाल्या. "माझे वडील जमीन मोजायला जायचे. एकदा लांबून परत आले तर बरोबर हा. कुठला, कुणाचा, काही सांगेना. त्याच महिन्यात आम्ही जुनी गल्ली सोडून इकडे राहायला आलो, त्यामुळे इथं कुणाला कळलंच नाही. पण शाळेत मुलं विचारायची, तू लहानपणी काय केलंस? हा गप्प. रात्री माझ्या उशाशी येऊन बसायचा. म्हटलं, अरे, माझं घे. माझं दोघांना पुरेल एवढं आहे."

"आणि त्यानं घेतलं."

"घेतलं म्हणजे? वापरून वापरून माझ्यापेक्षा त्यालाच ते शोभायला लागलं! लोकांना गुडघा दाखवायचा, हा बघा भिंतीवरून पडल्याचा व्रण. गुडघ्यावर काही नव्हतं. पण लोकांना दिसायचा." त्या हसल्या. मग हसू गेलं. "आयुष्यभर एकच भीती. दार वाजलं की विचारायचा, मला न्यायला आलेत का? शेवटच्या आठवड्यातसुद्धा. मी त्याला वचन दिलंय, कुणाला कळू देणार नाही. आणि आज हा शहाणा अध्यक्ष जुन्या गल्लीतून तिला बोलावतो, आणि चरित्रकार मला सांगतो, तिच्यासाठी बालपणच वाचतो! भिंतीपलीकडची मैत्रीण ती. एक ओळ ऐकली असती की भर सभेत ओरडली असती, अगं, ही तर तू!"

"म्हणून चक्कर आली तुम्हाला, एक वाजता."

"तुझ्या भाचीनं बिचारीनं आडवं व्हायला खोली उघडून दिली. म्हटलं, कुणाला सांगू नकोस, म्हातारीचा बोभाटा नको. पाहुणी संध्याकाळच्या बोटीनं परत जातेय. उद्या पानं जागच्या जागी ठेवणार होते मी. फक्त आजचा दिवस जायला हवा होता." त्यांनी सूचीबाईंच्या मनगटाला धरलं. "तू ने. हळूच कपाटात सारून दे. कुणाला कळणार नाही."

"कुलूपबंद खोलीत पानं परत आली, की अध्यक्ष काय म्हणतील? किल्ली असलेलीनंच नेली आणि भिऊन परत ठेवली."

"मग तिनं माझं नाव सांगितलं नाही?"

"नाही. सुरई भरली म्हणतेय. माशी असलेली."

आत्यांच्या चेहऱ्यावरून धुकं सरकत गेलं, आणि ब्याऐंशी वर्षांच्या त्या बाईत क्षणभर एक मुलगी दिसली. एकाला दिलेला शब्द आणि दुसरीनं पाळलेला शब्द यांच्यामध्ये, भिंतीवर बसावं तशी, इकडे उडी मारू की तिकडे, अशी.

घड्याळात चारचे ठोके पडू लागले. मंचाजवळ अध्यक्षांनी भाचीसमोर तळहात पसरला. भाचीनं मान वाकवली आणि गळ्यातली दोरी काढायला हात वर नेले.

आत्या उठून उभ्या राहिल्या.

७

"ए, हात खाली घे!" त्या ओरडल्या. कुणाला उद्देशून ते समजलं नाही, म्हणून दोघांनीही घेतले.

एकोणीस पानं हातात धरून आत्या मंचावर चढल्या. पानं बसून बसून अगदी गरम झालेली होती.

"ही मी चोरली," त्यांनी माइकला सांगितलं, आणि माइक एवढ्या जोरात किंचाळला की झोपलेले सगळे जागे झाले. "या पोरीनं मला आडवं व्हायला जागा दिली, आणि मी तिला चोर ठरवलं. माझ्या भावाला मी एक वचन दिलं होतं. ते आता मोडतेय. त्याला मी समजावून सांगेन. फार दिवस राहिलेले नाहीत."

आणि मग त्यांनी सांगितलं. वडील, तो मुलगा, उशाशी येऊन बसणं, माझं घे म्हणणं, न केलेल्या गोष्टी त्यानं कशा सुंदर सांगितल्या ते, आणि दार वाजल्यावरची भीती. चरित्रकार भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांच्या पुस्तकातली अकरा वर्षं त्यांच्यादेखत रिकामी होत होती.

"तेव्हा हे सगळं खोटं आहे," आत्या शेवटी पानं वर धरून म्हणाल्या. "म्हणजे खरं आहे. पण माझं आहे. त्याचं स्वतःचं काय होतं ते कुणालाच ठाऊक नाही. आणि आता कुणाला त्याला न्यायचं असेल, तर खुशाल न्यायला या. मी दारातच उभी आहे."

कुणी उठलं नाही. मग चौथ्या रांगेतून एक काठी वर आली. काठीखाली पाहुणी होती, शहाऐंशी वर्षांची, छोटीशी, मोठ्या टोपीची.

"तू भिंतीवरून पडली नव्हतीस," पाहुणी खणखणीत आवाजात म्हणाली. "मी ढकललं होतं तुला."

"ठाऊक आहे मला!"

"मग तेव्हा सांगितलं का नाहीस?"

"तुला मार बसला असता."

पाहुणीनं जरा विचार केला. "म्हणजे त्या पोरालाही मीच ढकललंय म्हणायचं," ती म्हणाली. "लिहून घ्या. त्याच्या नावावर निदान एक तरी शत्रू पक्का असू दे."

दालन हसलं. अध्यक्षांना टाळ्या ऐकू आल्या, आणि त्या आपल्याला नाहीत हे त्यांना समजायला थोडा वेळ लागला.

चरित्रकार हळूहळू मंचापाशी आले. "पण मी आता तिथं काय लिहू?" त्यांनी आत्यांना विचारलं. "अकरा वर्षं. त्याला पाळण्यापर्यंत न्यायचं तर वाटच नाही."

"माझंच ठेव."

"ते तुमचं आहे, हे आता सगळ्यांना कळलं."

"मग माझ्यातलं एक घ्या," तिसऱ्या रांगेतला शिंपी उठून म्हणाला. "माझ्याकडे एक अख्खी सुट्टी आहे, आजोळची, नदीकाठची. मी ती कधी कुणाला सांगितली नाही. पडूनच आहे."

मग पोस्टमन उठला. त्याच्याकडे विहिरीत सोडलेलं कासव होतं. नर्सबाईंकडे आजारपणातला एक आठवडा होता, छतावर जहाजं दिसण्याचा. तळटीप उठला आणि म्हणाला, की आपल्याला बालपण असं फारसं नव्हतं, पण जे होतं ते त्यानं घ्यावं, कुठलीही टीप न जोडता. हे म्हणून तो खरोखर गप्प बसला. चरित्रकारांनी चार वर्षांत पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं.

दालनात कुणी कुणाचं ऐकेना, तेव्हा भाचीनं सगळ्यांना वाचनालयाच्या टेबलाकडे वळवलं आणि रांग लावली. ती बसून लिहून घेऊ लागली. सूचीबाई शेजारी उभ्या राहून, कोण खरं बोलतोय आणि कोण रंगवून, ते बघत होत्या, आणि थोड्याच वेळात त्यांनी ते बघणं सोडून दिलं. रांग जिन्यावरून वळून दारातून बाहेर धुक्यात गेली. पुढे ती कुठपर्यंत होती ते दिसत नव्हतं. नदीपर्यंत होती असं नावाडी सांगतो, आणि पलीकडच्या काठावरही काही जण उभे होते म्हणतो.

साडेपाचच्या सुमारास टेबलापाशी अध्यक्ष आले. ते इकडेतिकडे बघत होते.

"तुमच्याकडे काय आहे?" भाचीनं मान वर न करता विचारलं.

"एक पतंग," ते म्हणाले. पहिल्यांदाच सभेसारखं नव्हे. "मीच केलेला. तो कधी उडाला नाही. बाकीच्या मुलांचे उडायचे, मी खाली धरून उभा राहायचो. हे... हे चालेल का?"

भाचीनं वर पाहिलं. मघा किल्लीसाठी पसरलेल्या त्यांच्या तळहाताकडे पाहिलं. दोरा धरावा तशी त्यांची बोटं आपोआप मिटली होती.

"चालेल की," ती म्हणाली. "पण मागे जा. रांगेतून या."